प्रेसिडेन्शियल लायब्ररी म्हणे, मग पुस्तकं कुठायत?

भरड (धागाकर्ता)

आई-बाबा सध्या आमच्याकडे डॅलसला आलेत. मागच्या लाँग वीकेंडला ऑस्टिनला गेलो, तिथे काय बघायचं तर बायकोने लिंडन जॉन्सनची (अमेरिकेचा जुना प्रेसिडेंट) लायब्ररी काढली. मी म्हटलं या वयात त्यांना लायब्ररीत काय नेतेस, पण बाहेर ऊन असलं बेक्कार की आत एसी आहे म्हटल्यावर सगळे मुकाट तयार झाले. आत शिरून पाच मिनिटं झाली नाहीत तोवर आईचा प्रश्न, "अरे लायब्ररी म्हणालास ना, मग पुस्तकं कुठायत?"

बरोबरच होता प्रश्न. आत म्युझियम आहे, गाड्या, फोटो, व्हिएतनाम, सिव्हिल राइट्स, व्हाइट हाऊसमधल्या ऑफिसची जरा लहान केलेली नक्कल, आणि एक यांत्रिक जॉन्सन आहे तो हातवारे करत विनोद सांगतो (आई त्याला घाबरली). पण वर मोठ्या हॉलमध्ये गेलो आणि समोर काचेच्या मागे मजल्यावर मजले नुसते लाल खोके. एकसारखे, प्रत्येकावर सोनेरी शिक्का. साडेचार कोटी पानं आहेत म्हणे एकूण.

आमची आई म्हणाली शोपीस असतील. बाबा मात्र तिथेच खिळले. बाबा महसूल खात्यातून रिटायर झालेत आणि त्यातली निम्मी नोकरी तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये गेलीये. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली, माणूस हलेना. मग म्हणाले, "हे दप्तर आहे रे. आपण लाल फडक्यात बांधतो, ह्यांनी लाल खोक्यात भरलंय, एवढाच फरक." आणि मला गार्डकडे पाठवलं, विचार म्हणाले वाळवीचं काय करतात. मी विचारलं बरं का. गार्ड हसला आणि म्हणाला हे मला आजवर कोणी विचारलं नव्हतं.

तर प्रश्न असा की हा नक्की काय प्रकार आहे? प्रत्येक प्रेसिडेंट गेला की त्याच्या गावात एक बिल्डिंग आणि त्यात त्याचे कागद? पैसे कोण देतं? आणि बाबांचा प्रश्न, शब्दशः: "ह्यातलं 'अ' वर्गात काय ठेवायचं आणि 'ड' करून निकाली काय काढायचं हे ठरवतो कोण? ज्याची फाईल त्यानंच ठरवलं तर मग झालंच."

पाटीपेन्सिल

तुमच्या बाबांना माझा दंडवत. वाळवीचा प्रश्न काळजाला भिडला.

थोडा इतिहास टंकतो. आधी असला काही प्रकारच नव्हता. वॉशिंग्टनपासून सगळे प्रेसिडेंट जाताना कागदपत्रं घरी घेऊन जायचे, ती खासगी मालमत्ता समजली जायची, म्हणजे मग पुढे वारसांची मर्जी. कोणी विकली, कोणी उंदरांना घातली, चेस्टर आर्थरने तर मरायच्या आधी जाळायलाच लावली. लिंकनची कागदपत्रं मुलाने दिली खरी, पण अट घातली की माझ्या मृत्यूनंतर २१ वर्षं उघडायची नाहीत, ती उघडली १९४७ ला.

ही पद्धत बदलली फ्रँकलिन रूझवेल्टने. हाईड पार्कला, न्यूयॉर्क राज्यात, घरच्या इस्टेटीतली जमीन दिली, लोकांकडून वर्गणी काढून इमारत उभी केली आणि कागदांसकट सरकारला देऊन टाकली. ३० जून १९४१ ला उद्घाटन, म्हणजे साहेब अजून खुर्चीत असतानाच. आराखड्याचं पहिलं रेखाटन पण त्याचं स्वतःचं. आणि नुसती नावाला नाही, तिथे त्याची स्टडी होती, हाईड पार्कला आला की तिथे बसून काम करायचा. आइनस्टाइनने अणुबॉम्बच्या शक्यतेबद्दल लिहिलेलं २ ऑगस्ट १९३९ चं पत्र तिथेच आहे. पर्ल हार्बरनंतरच्या भाषणाचा पहिला टाइप केलेला मसुदा पण आहे, त्यात 'वर्ल्ड हिस्टरी' हे शब्द खोडून पेन्सिलने वर 'इन्फमी' (कलंक) लिहिलंय. एका खाडाखोडीने भाषण कुठच्या कुठे गेलं. असले कागद सुटे सुटे लिलावात गेले असते तर ती खाडाखोड आज कुणाच्या तरी दिवाणखान्यात फ्रेममध्ये असती.

१९५५ ला कायदा झाला की इमारत बांधून सरकारला द्या, नॅशनल अर्काइव्ह्ज (सरकारी अभिलेखागार) पुढे चालवेल. ट्रूमनची १९५७ ला इंडिपेंडन्स, मिसुरीला उघडली. रिटायर झाल्यावर हा माणूस रोज तिथे ऑफिसला यायचा, आणि सकाळी स्टाफ यायच्या आधी फोन वाजला तर स्वतः उचलून लोकांना पत्ता आणि वेळ सांगायचा.

उनाडटप्पू

फोन लावावा, लायब्ररी किती वाजता उघडते विचारावं आणि पलीकडून हॅरी ट्रूमन. मेलो.

कडबाकुट्टी

रोमँटिक होऊ नका लोकहो. मी यातल्या चार बघितल्यात आणि ही देवळं आहेत देवळं. सिमी व्हॅलीला रेगनचं तर विमानच आणून ठेवलंय आख्खं, सात प्रेसिडेंटांनी वापरलेलं, काचेच्या हॉलमध्ये, आणि त्याच्याखाली उभं राहून लोक असे वर बघतात जसं कळसदर्शन. लिटल रॉकला क्लिंटनची इमारत नदीकडे झेपावणाऱ्या पुलासारखी. बॉस्टनला केनेडीची आय. एम. पेने डिझाइन केलेली, समुद्राला लागून, आत गेल्यावर भारावायला होतं हे मान्य. (ती आधी हार्वर्डजवळ व्हायची होती, पण तिथल्या लोकांनी गर्दी आणि ट्रॅफिक नको म्हणून बोंब मारली, शेवटी कोलंबिया पॉइंटला जुन्या कचरा डेपोच्या शेजारी गेली. आपल्यासारखंच की.)

आणि पैसे कोण देतं हा प्रश्न टाळू नका. बिल्डिंग बांधते त्या प्रेसिडेंटची फाउंडेशन, देणगीदारांच्या पैशातून. कागद सरकारचे, पण म्युझियममधली कथा लिहिताना फाउंडेशनचा हात असतोच. देवस्थान ट्रस्ट आणि पुरातत्त्व खातं एका आवारात, असं समजा. गाभारा ट्रस्टकडे.

बोरूबहाद्दर

कडबाकुट्टी, तुमची उपमा आवडली पण अर्धीच खरी आहे. निक्सनचं बघा.

निक्सनने १९७४ ला राजीनामा दिल्यावर एका सरकारी अधिकाऱ्याशी करार करून टाकला होता की टेप्स माझ्या, आणि काही वर्षांनी त्या नष्ट करता येतील. काँग्रेसने त्याच वर्षी फक्त निक्सनसाठी कायदा केला आणि सगळा माल जप्त. टेप्स किती, तर जवळपास ३,७०० तास. त्यातली ती प्रसिद्ध साडेअठरा मिनिटं पुसलेली, २० जून १९७२ ची, वॉटरगेटच्या घरफोडीनंतर तिसऱ्या दिवशीची. सेक्रेटरी बाईंनी सांगितलं की फोन घेताना माझा पाय टेप मशीनच्या पेडलवर राहिला असेल. त्यांची ती लांबच लांब ताणलेली पोज फोटोत बघा, योगासनं करणाऱ्याला जमणार नाही.

तर कागद सरकारकडे अडकले, मग निक्सनच्या लोकांनी यॉर्बा लिंडाला १९९० मध्ये स्वतःची खासगी लायब्ररी काढली, ओरिजिनल कागदांशिवाय! त्यात वॉटरगेटची गॅलरी अशी होती की जणू विरोधकांनीच कट करून बिचाऱ्याला घालवलं. २००७ ला ती नॅशनल अर्काइव्ह्जच्या ताब्यात आली, नवीन डायरेक्टर इतिहासकार होता, त्याने गॅलरी उखडून नवीन केली, टेप्स आणि साक्षींसकट. फाउंडेशनवाले खवळले, बरंच भांडण झालं, पण २०११ ला उघडली. म्हणजे गाभारा बदलता येतो, मागच्या खोलीत कागद शाबूत असले तर.

त्याच टेप्समध्ये आपल्या इंदिराबाई पण आहेत. ४ नोव्हेंबर १९७१ ला व्हाइट हाऊसमध्ये भेट झाली, दुसऱ्या दिवशी सकाळी निक्सन आणि त्याचा सल्लागार किसिंजर बसून त्यांना काय काय शिव्या घालत होते ते सगळं रेकॉर्ड झालंय. ते २००५ मध्ये बाहेर आलं तेव्हा किसिंजरला खेद व्यक्त करावा लागला. स्वतःच्या ऑफिसात स्वतःच मशीन बसवून घेतलं होतं, हे विशेष.

वेशीवरचा

धाग्यातल्या काकांच्या "ठरवतो कोण" ला थेट उत्तर: १९७८ चा प्रेसिडेन्शियल रेकॉर्ड्स अॅक्ट. निक्सन प्रकरणाचंच हे पोर. २० जानेवारी १९८१ पासून, म्हणजे रेगनपासून, कामाचे कागद प्रेसिडेंटच्या मालकीचे नाहीतच, जनतेचे. घरगुती पत्रं, डायरी वगैरे त्याची. खुर्ची सोडली की ताबा अर्काइव्ह्जकडे. पाच वर्षांनी कोणीही अर्ज करू शकतो (आपल्या आरटीआयसारखं), काही प्रकारचे कागद बारा वर्षांपर्यंत अडवून ठेवता येतात, गुप्त असतील तर आणखी.

पदावर असताना एखादा कागद नष्ट करायचा तर आधी अर्काइव्हिस्टचं मत घ्यावं लागतं. आता कायदा आहे म्हणून सगळे पाळतात असं नाही, ट्रंपच्या पहिल्या टर्ममध्ये फाडलेले कागद कर्मचारी चिकटपट्टीने जोडत बसायचे ही बातमी २०१८ ची, आणि जानेवारी २०२२ मध्ये त्याच्या मार-अ-लागोच्या घरून १५ खोके परत आणावे लागले.

संपादक

ट्रंप, बायडन यांच्यावर वेगळे धागे आहेत. इथे फक्त खोके.

रानपाखरू

मी पीएचडीच्या वेळी यातल्या दोन ठिकाणी बसून काम केलंय, नाव सांगत नाही, पण खालचं म्युझियम आणि वरची रीडिंग रूम म्हणजे दोन वेगळे देश आहेत एवढं नक्की. वर कोणी भारावलेलं नसतं. सगळे सर्दी झाल्यासारखे.

आधी ओळखपत्र दाखवून रिसर्चर कार्ड. बॅग, जॅकेट, पेन, सगळं लॉकरमध्ये. आत फक्त पेन्सिल, तीही त्यांचीच, आणि लॅपटॉप. मग आपण फाइंडिंग एड (कुठल्या खोक्यात काय आहे त्याची सूची) बघून चिठ्ठी भरायची, ट्रॉलीवर खोके येतात. टेबलावर एका वेळी एकच खोका, खोक्यातून एकच फोल्डर बाहेर, आणि ते काढलं त्या जागी खुणेचं कार्ड खोचायचं म्हणजे परत त्याच जागी जाईल. कागद टेबलावर सपाट, उचलून डोळ्यांसमोर धरायचा नाही. क्रम बिघडवलात तर एक वयस्कर बाई येऊन अत्यंत प्रेमाने अशी काही झापते की परत हिंमत होत नाही. गुप्त कागद नंतर खुला झाला असेल तर फोटो काढताना तसं सांगणारी एक छोटी पट्टी शेजारी ठेवायला लागते, फोटोत ती दिसलीच पाहिजे.

आणि सगळ्यात छळवादी वस्तू म्हणजे विथड्रॉवल शीट. फोल्डर उघडावं, मेमो, मेमो, तार, आणि एकदम मध्ये एक तक्ता: अमुक तारखेचा मेमो, चार पानं, काढून ठेवला आहे, कारण अमुक. म्हणजे कागद आहे, तुला हवा तोच आहे, त्याची तारीख पण सांगतो, पण देत नाही जा. मी एका कागदासाठी अर्ज केला होता, उत्तर आलं तेव्हा माझी पीएचडी होऊन, नोकरी लागून, लग्न पण झालं होतं. चारपैकी अडीच पानं काळी.

पण हे पण सांगते, तो तक्ता असतो हेच फार मोठं आहे. काय लपवलंय त्याची यादी ते स्वतः देतात.

भरड

रानपाखरू, तुमचा प्रतिसाद बाबांना वाचून दाखवला. खुणेच्या कार्डावर एकदम उठून बसले, "आम्ही पण ठेवायचो! गठ्ठ्यातून फाईल काढली की जागेवर चिठ्ठी, कोणी नेली, कधी नेली." आणि विथड्रॉवल शीटवर म्हणाले, आमच्याकडे 'आढळून येत नाही' एवढा शेरा मारला की प्रकरण संपलं, ही पद्धत जास्त त्रासाची दिसते.

सेलूकर

वर्धेच्या माणसाला राहवत नाही म्हणून एक भर. गांधीजींनी १ जुलै १९४२ ला सेवाग्रामहून रूझवेल्टला पत्र लिहिलं होतं. वर पत्ता 'सेवाग्राम, वर्धा मार्गे'. सुरुवातच अशी की तुमच्या थोर देशात यायची संधी माझी दोनदा हुकली. मग थोरो आणि इमर्सन या अमेरिकन लेखकांचं ऋण मान्य केलंय, आणि मुद्दा असा की हिंदुस्थान आणि अमेरिकेतले काळे लोक जोवर असे आहेत तोवर तुमचं स्वातंत्र्यासाठी लढतोय हे म्हणणं पोकळ वाटतं. पत्र नेलं लुई फिशर या पत्रकाराने. रूझवेल्टचं उत्तर १ ऑगस्टचं आहे, आणि ९ ऑगस्टला तर गांधीजी पुण्यात आगाखान पॅलेसमध्ये कैदेत. ते सेवाग्रामचं पत्र हाईड पार्कच्या कागदांत आहे. आमच्या इथून बापूकुटी दहा मिनिटांवर, आणि पत्र बघायचं तर हडसनच्या काठी.

पाटीपेन्सिल

वा! असंच दुसरं म्हणजे १९ नोव्हेंबर १९६२ ची नेहरूंची केनेडीला दोन पत्रं, एकाच दिवशी. चीन बोमदिलाच्या खाली उतरलाय, आणि नेहरू अमेरिकन लढाऊ विमानांची बारा स्क्वाड्रन्स मागतायत, रडार मागतायत. अलिप्ततावाद वगैरे वाचून मोठे झालेल्या माझ्यासारख्याला ती वाचताना अंगावर काटा आला. आपल्याकडे वर्षानुवर्षं ती दडपलेलीच होती, वाचायची तर बॉस्टनहून. भरड यांचे बाबा कऱ्हाडकडचे असतील तर त्यांना पुढचं सांगायला नको, त्याच आठवड्यात यशवंतराव दिल्लीला गेले.

भरड

पाटणचे. पण हिमालय-सह्याद्री त्यांनी जेवताना दोनदा सांगून झालंय.

बाबांची आणखी एक आठवण. जॉन्सनच्या खोक्यांसमोर म्हणाले, "ह्याच्याच काळात आम्ही मिलो खाल्ला." ती अमेरिकन लाल ज्वारी, रेशनवर मिळायची, भाकरी थापताना तुटायची, वास यायचा आणि गुरंसुद्धा तोंड फिरवायची म्हणे.

कडबाकुट्टी

काकांचा आदर ठेवून एक दुरुस्ती. मिलोची सगळ्यात जास्त आठवण लोक काढतात ती बहात्तरच्या दुष्काळातली, तेव्हा जॉन्सन नव्हता, निक्सन होता. जॉन्सन जानेवारी १९६९ ला गेला. त्याच्या काळातला म्हणजे पीएल-४८० चा (अमेरिकेचा धान्यमदतीचा कायदा) गहू, ६५-६६ चा. आणि ते प्रकरण जबरी आहे, जॉन्सन स्वतः महिन्यामहिन्याला ठरवायचा की भारताला किती गहू सोडायचा. पीक किती, पाऊस किती झाला, शेती सुधारतायत का, आणि व्हिएतनामवर दिल्लीवाले काय बोलले. दावं आखूड धरलं होतं गड्याने. आपण मेहरबानी समजत होतो किंवा लाज वाटत होती, आणि तिकडे त्याच्या टेबलावर आपल्या पावसाचे आकडे. त्याची फोनवरची संभाषणं पण रेकॉर्ड आहेत, सहाशे तासांच्या वर.

उनाडटप्पू

त्यातला पँटचा कॉल ऐकलाय का कोणी? ऑगस्ट १९६४, कापड कंपनीच्या मालकाला फोन, मला सहा पँटी पाठव, खिसे खोल कर, आणि मग शिवणीत नक्की कुठे काचतं याचं इतकं तपशीलवार वर्णन की शिंपी लाजेल. मध्येच ढेकर पण देतो. जगातला सगळ्यात ताकदवान माणूस!

रानपाखरू

तो कॉल सगळ्यांना माहीत असतो. पण बघा ना, ह्या टेप्स माझ्या मृत्यूनंतर पन्नास वर्षं उघडू नका असं त्याने सांगून ठेवलं होतं. तो गेला १९७३ ला. लायब्ररीने बायकोच्या संमतीने १९९० च्या दशकातच उघडायला घेतल्या, कारण टेप तोवर टिकेल का याचीच खात्री नव्हती. पण याच माणसाने १९७१ ला लायब्ररीच्या उद्घाटनाच्या भाषणात छाती ठोकून सांगितलं होतं की इथे सगळं आहे, साल सोलून ठेवलंय, चूक, टीका, ओंगळ, काही वगळलेलं नाही.

अवांतर: पीएल-४८० निघालंच आहे तर, त्याच गव्हाच्या रुपयांतून लायब्ररी ऑफ काँग्रेसने १९६२ पासून दिल्लीत ऑफिस काढून भारतीय भाषांतली पुस्तकं घेतली आणि इकडच्या युनिव्हर्सिट्यांना वाटली. माझ्या युनिव्हर्सिटीत मराठीचे रॅकच्या रॅक आहेत, जुन्या कार्डांवर 'पीएल ४८०' टाइप केलेलं. दिवाळी अंकसुद्धा सापडले. कोणी उघडलेले नव्हते, पानं जोडलेलीच होती, मी ग्रंथपालाला विचारून कापली.

बोरूबहाद्दर

म्हणजे तिकडून गहू आला आणि इकडून दिवाळी अंक गेले. सौदा वाईट नाही.

वेशीवरचा

आता हे सगळं बदलतंय तेही सांगतो. ओबामाच्या काळातले अंदाजे ९५ टक्के रेकॉर्ड मुळातच डिजिटल, ईमेल वगैरे. त्यामुळे शिकागोला जॅक्सन पार्कात त्याचं सेंटर आहे, पण ते नॅशनल अर्काइव्ह्जची लायब्ररी नाही, कागद तिथे नाहीत, ते सरकारकडेच आणि ऑनलाइन. पैशाचं कारण पण आहे, सरकारला इमारत द्यायची तर सोबत देखभालीसाठी ठेव द्यायची अट आहे, आधी खर्चाच्या २० टक्के होती ती ओबामापासून ६० टक्के. मग कोण देतो. कडबाकुट्टींचं देवस्थान एकदाचं वेगळं झालं.

कडबाकुट्टी

म्हणजे आता गाभारा आहे आणि मागची खोलीच नाही. हे जास्त वाईट झालं की.

दगडूशेटजी

आपल्याकडे हे असं का नाही? सगळं अमेरिकेतच का?

बोरूबहाद्दर

दगडूशेट, पुण्यातच राहत असाल तर पेशवे दप्तरात जाऊन या. रुमालच्या रुमाल मोडीतले कागद. इतिहासकार सरदेसाईंनी निवडक म्हणून छापले तेच ४५ खंड झाले. मोडी वाचता येत असेल तर तिथे पन्नास जन्म पुरेल एवढं काम आहे. दिल्लीला तीन मूर्तीला नेहरूंचे आणि इतर अनेकांचे खासगी कागद आहेत, पण तिथला घोळ तोच, कागद वारसांचे की देशाचे. वर पाटीपेन्सिल यांनी लिहिलंय ना, चेस्टर आर्थरच्या काळातला प्रश्न, तिथे आपण आहोत.

भरड

सगळ्यांचे आभार. धागा एवढा चालेल वाटलं नव्हतं.

अपडेट. जॉन्सनची रोजची डायरी ऑनलाइन आहे, सेक्रेटरींनी टाइप केलेली, किती वाजता उठला, कोणाचा फोन आला, सगळं मिनिटाच्या हिशोबात. बाबांना टॅबवर उघडून दिली आणि तेव्हापासून टॅब आम्हाला मिळालेला नाही. ११ डिसेंबर १९६७ शोधतायत. कोयनेच्या भूकंपाचा दिवस. बाबा बारा वर्षांचे होते, पहाटे घर पडलं, आजीने त्यांना घोंगडीसकट ओढून बाहेर काढलं. म्हणतात, मला बघायचंय त्या वेळी हा माणूस काय करत होता.

वेशीवरचा

काकांना सांगा, ११ नको, १० डिसेंबरचं पान काढा. आपल्याकडे पहाटे चार वाजून एकवीस मिनिटं म्हणजे वॉशिंग्टनला आदल्या संध्याकाळचे पावणेसहा-सहा. ९ तारखेला त्याच्या मुलीचं व्हाइट हाऊसमध्ये लग्न झालं होतं, त्यामुळे पाहुणे असतील घरात.

भरड

सांगितलं. "लग्नघर होतं होय," म्हणाले आणि चष्मा पुसून परत बसलेत. आईने जेवायला तीनदा हाक मारून झाली.